पळवलेले इंजिन आणि बस्टर कीटन

श्रोतेहो, बस्टर कीटनचा 'दि जनरल' हा १९२६ सालचा अमेरिकन मूकपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. चेहऱ्यावरची रेषही न हलवता हा पठ्ठ्या आपल्याला हसवून बेजार करतो. पण ज्या घटनेवर हा चित्रपट उभा आहे, तिचा शेवट मुळीच हसण्यासारखा नव्हता.

अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली होती. १२ एप्रिल १८६२ रोजी जॉर्जियातील बिग शँटी स्टेशनावर गाडी थांबली आणि उतारू न्याहारीला उतरले. तेवढ्यात जेम्स अँड्र्यूज हा उत्तरेचा हेर आणि त्याचे साथीदार, बहुतेक सगळे ओहायोच्या पलटणींतले सैनिक, यांनी 'जनरल' नावाचे इंजिन तीन डब्यांसह पळवले. वाटेतले रूळ उखडायचे, पूल जाळायचे, असा बेत. पण पावसाने लाकडी पूल ओलेचिंब; ते पेटतात कसले! इकडे गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर आधी चक्क पायी धावत सुटला, मग हाताने रेटायच्या ट्रॉलीवर, मग एकामागून एक तीन इंजिनांवर. शेवटचे 'टेक्सास' तर उलटे धावत होते! रिंगोल्डजवळ 'जनरल'चे सरपण संपले. पुढे सगळे पकडले गेले, आणि अँड्र्यूजसह आठ जण फासावर गेले.

या पथकातून वाचलेल्या विल्यम पिटेंजरच्या पुस्तकावरून कीटनने कथा घेतली. पण नायक केला दक्षिणेचा इंजिन ड्रायव्हर! दक्षिणेची माणसे खलनायक म्हणून प्रेक्षकांना चालणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. रणांगणावर हरलेली दक्षिण साठ वर्षांत गोष्टींमधून जिंकली होती, ती अशी. फास गेले, आणि युद्ध कशासाठी झाले याचाही चित्रपटात पत्ता नाही. इथे मला कीटनचे पटत नाही.

बाकी बारकाव्यांत मोठा काटेकोर हो! ऑरेगनमध्ये कॉटेज ग्रोव्हजवळ जळत्या पुलावरून त्याने खरेखुरे इंजिन नदीत कोसळवले. ते एक दृश्य सुमारे ४२ हजार डॉलरला पडले. नॅशनल गार्डचे तेच जवान निळे आणि करडे कपडे बदलून दोन्ही सैन्यांकडून लढले. त्या वेळी चित्रपट पडला. मोठेपण पुष्कळ उशिरा आले.

सुटून आलेल्या सहा साथीदारांना १८६३ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिलेच. फासावर गेलेल्या शॅड्रॅक आणि विल्सन यांना मात्र ते २०२४ साली मिळाले. अँड्र्यूज सैनिक नव्हता, त्यामुळे त्याला ते नाहीच. बिग शँटीचे आजचे नाव केनेसॉ. खरे 'जनरल' इंजिन तिथल्या संग्रहालयात उभे आहे.