अणूला धरणारी चिप

१९५२ साली एर्विन श्रोडिंगर यांनी लिहिले की, एकट्या कणावर प्रयोग करणे हे प्राणिसंग्रहालयात नामशेष इक्थिओसॉर पाळण्याइतकेच अशक्य आहे. आणि पुढच्याच वर्षी बॉनमध्ये वोल्फगांग पाउल नेमक्या त्याच वाटेवर निघाले!

अडचण जुनी होती. केवळ स्थिर विद्युतक्षेत्राने विद्युतभारित कण अधांतरी धरता येत नाही, हे अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच दाखवले होते. असे क्षेत्र घोड्याच्या खोगिरासारखे असते: एका दिशेने चढ, दुसरीकडे उतार. आयन उताराने निसटतो. पाउल यांनी क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटवली. उतारावरून घसरू लागलेल्या आयनासमोर तत्क्षणी चढ उभा राहतो, आणि तो मध्येच अडकतो. १९८० मध्ये हायडेलबर्गमध्ये अशा सापळ्यातील एकट्या बेरियम आयनाचे छायाचित्र निघाले.

१९९५ मध्ये सिराक आणि त्सोलर यांनी आयनांच्या रांगेतून क्वांटम संगणक घडवण्याची कल्पना मांडली. परंतु रांग लांबली की तिची थरथर आवरत नाही. म्हणून २००२ मध्ये किएलपिन्स्की, मन्रो आणि वाइनलँड यांनी रेल्वे यार्डासारखी रचना सुचवली: अनेक छोटे कप्पे, आणि हवा तो आयन हव्या त्या कप्प्यात सरकवायचा. इतके बारीक इलेक्ट्रोड एकेक करून जुळवणे अशक्यच. तेव्हा चिप उद्योगाचे तंत्र उसने घेतले गेले. २००६ मध्ये मिशिगन विद्यापीठात गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर आयन पकडला गेला. बोल्डरच्या प्रयोगशाळेत तर सपाट क्वार्ट्झवरील सोन्याच्या पट्ट्यांपासून अवघ्या ४० मायक्रोमीटर उंचीवर आयन तरंगले. केसाची जाडीही बहुधा याहून अधिक असते.

इथे सापळ्याने सूड उगवला. पृष्ठभाग जवळ आला, तसे त्यातून येणारे विद्युत-कंप आयनाला तापवू लागले. अंतर निम्मे केले की हा त्रास साधारण सोळापट वाढतो. म्हणजे ज्या लहानपणासाठी चिप घडवली, तेच तिच्या मुळावर आले. २००८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी चिप उणे २६७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली. कंप प्रचंड घटले. २०१२ मध्ये बोल्डरमध्ये सोन्याचा पृष्ठभाग आरगॉन आयनांच्या माऱ्याने स्वच्छ केला, आणि तापणे सुमारे शंभरपट कमी झाले. संशयित ठरला तो सोन्यावर बसलेला कार्बनयुक्त मळाचा अतिपातळ थर. त्याच वर्षी वाइनलँड यांना नोबेल मिळाले. कंपांच्या मूळ कारणाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.