सहाच क्युबिट? मग काय झालं!

ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ६ क्युबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. चिप टीआयएफआरची, कंट्रोलची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या लॅबची, क्लाउडचा भाग टीसीएसचा. शिरगावच्या आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज: "फक्त सहा? आयबीएमकडे हजारावर आहेत!"

ही तुलना पुण्याला नवी नाही. १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये परम ८००० आला. पण जगात आपला नंबर कितवा, हे ठरवायला सगळ्यांना एकच पेपर लागतो ना? तो पेपर म्हणजे लिनपॅक. समीकरणांचा भलामोठा ढीग सोडवायचा आणि सेकंदाला किती आकडेमोड झाली ते मोजायचं. १९९३ पासून टॉप ५०० यादी त्यावरच लागते. २००३ मध्ये परम पद्म १७१वा आला. २००७ मध्ये पुण्याचाच, टाटांचा 'एका', ११७.९ टेराफ्लॉप्स करून थेट चौथा! लिनपॅकला लोक नावं ठेवतात, ठेवू देत. निदान उत्तर तपासता तरी येतं.

क्वांटममध्ये क्युबिट मोजणं म्हणजे लोकलचे डबे मोजणं. गाडी वेळेवर पोचते का, हे त्यातून कळत नाही. क्युबिट चुका करतात आणि प्रत्येक पायरीला चुका साठत जातात. म्हणून आयबीएमच्या लोकांनी 'क्वांटम व्हॉल्युम' हे माप काढलं. जितके क्युबिट तितक्याच पायऱ्यांची रँडम सर्किटं चालवायची, आणि जी उत्तरं जास्त वेळा यायला हवीत ती दोन तृतीयांशांहून जास्त वेळा आली तर पास. सहापर्यंत पास झालात तर स्कोअर २ चा ६वा घात, म्हणजे ६४.

२०२० मध्ये आयबीएमने २७ क्युबिटच्या मशीनवर ६४ गाठले. त्याआधी दोनच महिने हनीवेलने तेवढेच गाठले होते, फक्त ६ क्युबिटवर!

आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी मंजूर झाले. लक्ष्य? आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिट. परत डबेच. पैसे आपले आहेत, एरर रेटही विचारूया की.

अर्थात व्हॉल्युमचीही गोची आहे. बरोबर उत्तर कुठलं, हे आधी साध्या कॉम्प्युटरवर काढावं लागतं. म्हणजे पेपर तपासायला शेवटी परमसारख्यालाच बसवायचं, आणि पन्नासेक क्युबिटच्या आसपास मोठमोठे सुपरकॉम्प्युटरही हात टेकायला लागतात.