बोलण्याचा हेल आड आला, तोच ओळख बनला : ग्लासगोच्या लॉरेन केली यांची चाळीस वर्षं

ब्रिटनमध्ये सकाळी टीव्ही लावणाऱ्या दोन-तीन पिढ्यांना लॉरेन केली हे नाव घरच्यासारखं आहे. १९८४ पासून त्या आयटीव्ही या खासगी वाहिनीवरच्या सकाळच्या कार्यक्रमांत या ना त्या रूपाने दिसत आल्या आहेत. कार्यक्रम चालवणाऱ्या कंपन्या बदलल्या, कार्यक्रमांची नावं बदलली, शेजारच्या खुर्चीवरचे निवेदक आले आणि गेले. बदलला नाही तो लॉरेन यांच्या बोलण्यातला ग्लासगोचा हेल. सुरुवातीला याच हेलामुळे त्यांना टीव्हीवर जागा मिळणार नाही, असं सांगण्यात आलं होतं.

गॉर्बल्समध्ये जन्म, ईस्ट किलब्राइडमध्ये शिक्षण

लॉरेन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९५९ रोजी ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात झाला. हा शहरातला दाटीवाटीचा, कामगारांचा मोहल्ला. आयर्लंडमधून पोटासाठी आलेली अनेक कुटुंबं इथेच स्थिरावली. वडील टीव्ही दुरुस्तीचं काम करायचे. पुढे कुटुंब ब्रिजटन भागात आणि तिथून ईस्ट किलब्राइडला गेलं. ग्लासगोतली गर्दी कमी करण्यासाठी वसवलेलं हे नवं शहर; दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमध्ये अशी जी नवी शहरं उभी राहिली, त्यातलं हे पहिलं.

शाळा संपल्यावर इंग्रजी आणि रशियन भाषा शिकण्यासाठी विद्यापीठात प्रवेश मिळत होता. लॉरेन यांनी तो नाकारला आणि ‘ईस्ट किलब्राइड न्यूज’ या गावच्या साप्ताहिकात उमेदवारी पत्करली. स्थानिक पत्रकारितेचे धडे त्यांनी इथेच गिरवले.

हेलाची अडचण

१९८३ मध्ये त्या बीबीसी स्कॉटलंडमध्ये रुजू झाल्या. काम पडद्यामागचं होतं : विषय शोधायचे, माहिती जमवायची, पाहुण्यांशी बोलणं करायचं. कॅमेऱ्यासमोर यायची इच्छा त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा तुमचे उच्चार असे असताना टीव्हीवर तुमचं काही होणार नाही, असं एका वरिष्ठाने सुनावलं. हा किस्सा लॉरेन यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितला आहे.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट नवी नव्हती. आकाशवाणी आणि टीव्हीवर दक्षिण इंग्लंडातल्या सुशिक्षित वर्गाची इंग्रजी हीच प्रमाण मानली जायची. १९४१ मध्ये बीबीसीने यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. ऐंशीच्या दशकात हवा बदलू लागली होती, पण कामगार वस्तीतला ग्लासगोचा उच्चार अजून पडद्याला शोभणारा समजला जात नव्हता.

संधी आली ती नव्या माध्यमातून. सकाळचा टीव्ही ब्रिटनमध्ये सुरू झाला तोच १९८३ मध्ये. जानेवारीत बीबीसीचा कार्यक्रम आला आणि पाठोपाठ फेब्रुवारीत आयटीव्हीवर टीव्ही-एएम. या टीव्ही-एएमला स्कॉटलंडसाठी बातमीदार हवा होता. १९८४ मध्ये लॉरेन यांची तिथे निवड झाली. आता स्कॉटलंडभर फिरायचं आणि सकाळी देशाला बातमी सांगायची, असं काम होतं. बोलणं बदलायची गरज उरली नाही.

लॉकर्बीची रात्र

२१ डिसेंबर १९८८. लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान संध्याकाळी सातनंतर बॉम्बस्फोटाने आकाशातच फुटलं आणि दक्षिण स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी या छोट्या गावावर कोसळलं. विमानातले २५९ आणि गावातले ११ असे २७० जण मरण पावले. त्या रात्रीच तिथे पोहोचलेल्या पत्रकारांमध्ये लॉरेन होत्या. वय होतं २९.

त्या बातमीदारीने देशभर त्यांची ओळख झाली, पण त्या रात्रीने त्यांचा पिच्छा सोडला नाही. तिथे पाहिलेली दृश्यं पुढे कित्येक वर्षं डोळ्यांसमोर येत राहिली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. २०२३ मध्ये, घटनेला ३५ वर्षं होत असताना, त्या माहितीपटासाठी पुन्हा लॉकर्बीला गेल्या आणि गावकऱ्यांना, मृतांच्या नातेवाइकांना भेटल्या.

बाळंतपणाची रजा आणि हातची गेलेली जागा

१९९० मध्ये लॉरेन टीव्ही-एएमच्या मुख्य कार्यक्रमात माइक मॉरिस यांच्यासोबत निवेदक म्हणून बसल्या. पण आयटीव्हीवर सकाळची वेळ कोणत्या कंपनीने वापरायची, याचे परवाने सरकारी नियमानुसार ठरत. १९९१ च्या लिलावात टीव्ही-एएम हरली. १९९२ च्या शेवटच्या दिवशी तिचं प्रसारण थांबलं आणि १ जानेवारी १९९३ पासून जीएमटीव्ही सुरू झालं. लॉरेन नव्या कंपनीच्या पहिल्या फळीत होत्या.

१९९२ मध्ये त्यांचा विवाह टीव्ही-एएममधलेच कॅमेरामन स्टीव्ह स्मिथ यांच्याशी झाला होता. १९९४ मध्ये मुलगी झाली. बाळंतपणाच्या रजेवर असतानाच मुख्य कार्यक्रमातली आपली जागा गेल्याचं त्यांना कळलं. त्यांना परत बोलावलं ते आई आणि बाळ या विषयावरच्या छोट्या सदरासाठी. लॉरेन यांनी तेही घेतलं. प्रेक्षकांना ते आवडलं आणि त्यातूनच मुख्य कार्यक्रमानंतरचा त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला. त्याची नावं अनेकदा बदलली. सप्टेंबर २०१० मध्ये जीएमटीव्हीची जागा नव्या कार्यक्रमाने घेतली, तेव्हापासून तो नुसता ‘लॉरेन’ झाला.

डनब्लेन

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडच्या डनब्लेन गावातल्या प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने १६ लहान मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केलं. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर बंदी आली. लॉरेन यांनी तिथूनही बातम्या दिल्या. गेलेल्या एका मुलीच्या आईशी तेव्हा झालेली ओळख मैत्रीत बदलली आणि ती पुढे टिकली. सकाळच्या हलक्याफुलक्या गप्पांची निवेदिका एवढीच त्यांची प्रतिमा धरली, तर ही बाजू नजरेआड होते.

करखात्याशी खटला

लॉरेन आयटीव्हीसाठी काम करायच्या, पण पैसे घेत त्या आपल्या ‘अल्बाटेल’ या कंपनीमार्फत. करखात्याचं म्हणणं होतं की व्यवहारात त्या आयटीव्हीच्या नोकरदारच आहेत, त्यामुळे सुमारे १२ लाख पौंडांची बाकी भरावी. प्रकरण कर न्यायाधिकरणात गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लॉरेन यांच्या बाजूने लागला. पगारी रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, कामावर बरंचसं नियंत्रण त्यांचंच, हे मुद्दे ग्राह्य धरले गेले.

गाजला मात्र दुसराच मुद्दा. पडद्यावर दिसते ती लॉरेन म्हणजे त्यांनी सादर केलेलं स्वतःचंच एक रूप आहे, त्यामुळे त्या कलावंत ठरतात, असं न्यायाधीशांनी म्हटलं. एजंटाला दिलेल्या कमिशनवरची करसवलत या मुद्द्याशी जोडलेली होती. मग काय, ‘खरी’ लॉरेन कोणती, यावर वर्तमानपत्रांत थट्टा रंगली. एकाच हेलात चार दशकं बोलणाऱ्या बाईंच्या वाट्याला असा निकाल यावा, यातली गंमत लोकांच्या लक्षात आली.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट पसरली. हुजूर पक्षाच्या नेत्या एस्थर मॅकव्हे पूर्वी जीएमटीव्हीवर निवेदिका होत्या. त्या तुम्हाला आठवतात का, असं थेट प्रसारणात विचारलं गेलं, तेव्हा लॉरेन यांनी थंडपणे ‘हो, आठवतात’ एवढंच म्हणून विषय संपवला. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबत मॅकव्हे यांची मतं आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी नंतर स्पष्ट केलं.

आरोग्य, पुस्तकं आणि सन्मान

रजोनिवृत्तीबद्दल सकाळच्या टीव्हीवर उघड बोलणाऱ्या निवेदिकांत लॉरेन यांचं नाव घ्यावं लागतं. स्वतःला आलेली उदासी, खचलेला आत्मविश्वास त्यांनी प्रेक्षकांना सांगितला. २०१९ मध्ये त्यांच्या कार्यक्रमाने महिलांनी स्तनांची तपासणी स्वतः नियमित करावी यासाठी मोहीम सुरू केली. त्यामुळे वेळेत निदान झालेल्या महिला पुढे याच कार्यक्रमात येऊन बोलल्या.

२००४ ते २००७ या काळात लॉरेन डंडी विद्यापीठाच्या रेक्टर होत्या. स्कॉटलंडमध्ये हे पद विद्यार्थ्यांच्या मतांनी मिळतं. पती डंडीचे, त्यामुळे फुटबॉलमध्ये निष्ठा डंडी युनायटेडशी. २००८ मध्ये आत्मचरित्र आणि २०२४ मध्ये ऑर्कनी बेटांच्या पार्श्वभूमीवरची ‘द आयलंड स्विमर’ ही पहिली कादंबरी प्रकाशित झाली. २०१२ मध्ये ओबीई, २०२० मध्ये सीबीई हे किताब मिळाले. २०२४ मध्ये टीव्हीवरच्या चाळीस वर्षांसाठी बाफ्टाचा विशेष पुरस्कार देण्यात आला.

मे २०२५ मध्ये आयटीव्हीने खर्चकपात जाहीर केली. तासाभराचा ‘लॉरेन’ हा कार्यक्रम जानेवारी २०२६ पासून अर्ध्या तासाचा आणि वर्षातून तीस आठवडेच, असं ठरलं. लहान केलेल्या जागेत काम करायची वेळ लॉरेन यांच्यावर पहिल्यांदा आलेली नाही. १९९४ मध्ये हातात उरलं होतं ते आई-बाळाचं छोटं सदर, आणि पुढचा सगळा कार्यक्रम त्यातूनच वाढला होता.