उरलेल्या गोश्ताचा इतिहास

बकरी ईदच्या चौथ्या दिवशी आमच्या घरातल्या चुलीचा ताबा दादीकडे जायचा. पहिले तीन दिवस अम्मी आणि चाचीचे. त्या दिवसांत कलेजी व्हायची, पाये व्हायचे, बिर्याणी व्हायची. चौथ्या दिवसापर्यंत पाहुणे परतलेले असत, नातेवाइकांचे आणि गरिबांचे हिस्से पोचते झालेले असत. मागे राहायचे एक मोठे पातेले. त्यात हळद, मीठ, आले-लसूण लावून स्वतःच्याच चरबीत परतलेले गोश्त. आमच्याकडे फ्रिज फार उशिरा आला. दादी ते पातेले सकाळ-संध्याकाळ चुलीवर चढवायची, खदखदून गरम करायची आणि जाळीच्या झाकणाखाली ठेवायची. 'कल का आज कू, आज का कल कू' असे काहीतरी पुटपुटत. पाचव्या-सहाव्या दिवशी बोट्यांचे धागे सुटू लागत. मग त्या धाग्यांची शामी व्हायची, कधी ते अंड्यात पडत, कधी वांग्यात, कधी हरभऱ्याच्या डाळीत. एकाच पातेल्यातून आठवडाभर रोज वेगळा पदार्थ निघायचा.

लहानपणी मला ही गरिबीची तडजोड वाटायची. पुढे जुने पाकग्रंथ चाळताना लक्षात आले की दादी जे करत होती त्याला किमान चौदाशे वर्षांचा लेखी पुरावा आहे. त्यातला बराचसा पुरावा पाकग्रंथांत नाही, हदीसच्या संग्रहांत आहे.

मदिनेतला एक प्रसंग 'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत आयेशा (र.) यांच्या हवाल्याने आला आहे. एका वर्षी ऐन कुर्बानीच्या दिवसांत वाळवंटातली उपाशी माणसे मदिनेत आली. पैगंबरांनी (स.) लोकांना सांगितले की तीन दिवसांपुरते ठेवा, उरलेले वाटून टाका. लोकांनी ते पाळले. पुढच्या ईदला काही लोक अडचण घेऊन आले. ते कुर्बानीच्या कातड्याच्या पखाली करत, चरबी वितळवून ठेवत; आता ते करायचे की नाही? तेव्हा पैगंबरांनी खुलासा केला की ती बंदी त्या वर्षी आलेल्या गरजूंसाठी होती. आता खा, साठवा आणि दानही करा.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिळे शुद्ध की अशुद्ध, असा प्रश्न इथे नाहीच. साठवण्याला हरकत नाही, पण दाराशी उपाशी माणूस असताना साठवायचे नाही, एवढाच हिशेब आहे. आणि त्या वितळवलेल्या चरबीच्या उल्लेखावरून कळते की मदिनेतल्या बायाबापड्यांना मांस टिकवण्याची विद्या आधीपासून येत होती. 'बुखारी'त आणखी एक तपशील आहे. आम्ही बकऱ्याचे पाये ठेवून पंधरा दिवसांनी खायचो, असे आयेशा (र.) सांगतात. अशी काय वेळ आली होती, असे कुणीतरी विचारतो, तेव्हा त्या हसतात. पैगंबरांच्या घरच्यांना सलग तीन दिवस कालवणाबरोबर गव्हाची भाकरी पोटभर मिळाली नव्हती, हे त्याला माहीत नसावे.

कुर्बानीनंतरच्या ११, १२ आणि १३ जिल्हिज्ज या दिवसांना 'अय्यामे तशरीक' म्हणतात. आपण त्या दिवसांची तकबीर म्हणतो, पण शब्दाच्या अर्थाकडे सहसा जात नाही. अरबी कोशकारांनी दिलेल्या अर्थांपैकी एक म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवणे. त्या वाळल्या पट्ट्यांना 'कदीद' म्हणत. श्रीमंताघरचे हे खाणे नव्हे. मक्का विजयाच्या वेळी एक माणूस पैगंबरांसमोर येऊन भीतीने थरथरू लागला, तेव्हा त्यांनी त्याला धीर दिला की मी काही राजा नाही, कदीद खाणाऱ्या एका कुरैश बाईचा मुलगा आहे. 'इब्ने माजा'मधली ही हदीस विनयशीलतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला त्यात स्वयंपाकघरही दिसते.

कदीद पुढे इस्लामबरोबर प्रवासाला निघाले. मोरोक्को आणि अल्जीरियात ते आजही 'गद्दीद' या नावाने ओळखू येते. मोरोक्कोत त्याच्याही पुढची पायरी आहे, 'खलीअ'. मांसाच्या पट्ट्यांना लसूण, धणे, जिरे आणि मीठ चोळायचे, उन्हात वाळवायचे, मग चरबीत शिजवून त्या चरबीतच बुडवून ठेवायचे. फेस शहरात सकाळच्या नाश्त्याला हे मांस अंड्यांबरोबर तव्यावर टाकतात. तुर्कांची 'कावुर्मा' याच जातीची. यात जादू काही नाही. मीठ आणि ऊन मांसातले पाणी काढून घेतात, वर गोठलेली चरबी हवा आत येऊ देत नाही. कुजायला पाणी लागते, तेच नसले की मांस महिनोन्महिने टिकते. दादीच्या पातेल्यावर साचलेला पिवळा थर दिसायला ओंगळ होता, पण खालच्या गोश्ताचे झाकण तोच होता. तो कुणी चमच्याने काढला की ती ओरडायची.

आता बगदादकडे वळू. तिथे टंचाईचा प्रश्न नव्हता. दहाव्या शतकातल्या इब्न सय्यार अल-वर्राकचा 'किताब अल-तबीख' आणि त्याच नावाचा, १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादीने लिहिलेला ग्रंथ, हे दोन्ही खलिफांच्या आणि सुखवस्तू लोकांच्या दस्तरखानाचे ग्रंथ आहेत. दुसऱ्या ग्रंथाचे ए. जे. आर्बेरी यांनी १९३९ साली इंग्रजीत भाषांतर केले. त्यात 'बझमावर्द' नावाचा पदार्थ आहे. भाजलेले चरबीदार मांस निवल्यावर बारीक चिरायचे. त्यात पुदिना, थोडा सिरका, खारवलेले लिंबू, अक्रोड घालायचे, वर गुलाबपाणी शिंपडायचे. हे सारण रोटीत भरून तुकडे करायचे, मातीच्या भांड्यात पुदिन्याच्या पानांचे थर देत रचायचे आणि मुरल्यावर खायचे. मसाल्याचे भाजलेले मांस, रोटी आणि वर आंबट-हिरवे काहीतरी. मुंबईच्या रस्त्यावर आपण ज्याला रोल म्हणतो त्याहून हे फार वेगळे नाही. भाजलेल्या मांसाला थंडपणी दुसरा जन्म देण्याची ही दरबारी तऱ्हा झाली. आणि इथे 'मुरणे' हा शब्द मला मुद्दाम वापरावासा वाटतो. मराठीत आपण भाताला 'शिळा' म्हणतो आणि लोणच्याला 'मुरलेले'. काळ दोघांवरही सारखाच जातो. दुसऱ्या दिवशीचे कालवण अधिक चविष्ट लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्याला 'मुरलेले' म्हणण्याचा मान आपण क्वचितच देतो.

हिंदुस्थानात सारणाची ही कल्पना समोशाच्या रूपाने दिसते. माळव्याचा सुलतान गियासशाह (१४६९-१५००) याच्या मांडूच्या दरबारात सुरू झालेल्या 'नेमतनामा'त खिम्याच्या समोशांच्या कितीतरी कृती आहेत. अबुल फज्लने 'आईने अकबरी'त 'कुताब' दिला आहे आणि हिंदचे लोक त्याला 'सनबूसा' म्हणतात असेही नोंदवले आहे. १० शेर मांसाला ४ शेर मैदा, आणि हा प्रकार वीस तऱ्हांनी करता येतो, असे तो म्हणतो. त्याच यादीत 'हरीसा' आहे. १० शेर मांस, ५ शेर भरडलेले गहू, २ शेर तूप, अर्धा शेर मीठ, वर दालचिनी. पुढे हलीम, त्यात हरभरा, गाजर, पालक, सलगम अशी भर.

शाही भटारखान्यात हे ताज्या मांसाचे पदार्थ होते, हे कबूल. पण त्यांची रचना बघा. मांसाच्या निम्मे धान्य, आणि सगळे इतके घोटायचे की मांस कुठे संपते आणि गहू कुठे सुरू होतो हे जिभेला कळू नये. ज्या घरात मांस थोडे आणि खाणारी तोंडे जास्त, त्या घराला ही रचना सोयीची होती. पदार्थांच्या जन्मकथा सांगताना आपल्याकडे प्रत्येक वेळी एखादा नवाब पुढे केला जातो. अमक्या नवाबाचे दात पडले म्हणून तमका कबाब मऊ झाला, वगैरे. ऐकायला गोड असतात या गोष्टी. पण नवाब नसलेल्या हजारो घरांतही म्हातारी माणसे होती, त्यांचेही दात पडत होते आणि त्यांच्यासाठी कालचे गोश्त पाट्यावर डाळीबरोबर वाटणारी कुणीतरी सून होती. तिने ग्रंथ लिहिला नाही.

धान्याच्या या वाटेवर एक कालगणनेची गंमत आहे. कुर्बानी १० जिल्हिज्जला, आशुरा १० मुहर्रमला. मध्ये बरोबर एक महिना. आमच्याकडे कुर्बानीच्या गोश्तातल्या काही पट्ट्यांना हळद-मीठ चोळून त्या अंगणात दोरीवर वाळत घातल्या जायच्या. कावळे हाकायचे काम आम्हा पोरांचे. त्या पट्ट्या कापडी पिशवीत बांधून ठेवायच्या आणि मुहर्रममध्ये खिचड्याच्या देगेत गहू, डाळी आणि ताज्या मटणाबरोबर थोड्या टाकायच्या. ही आमच्याच घराची रीत असे मी समजत होतो. पुढे वाचनात आले की मोरोक्को-अल्जीरियातली घरेही गद्दीद आशुऱ्यासाठी राखून ठेवतात आणि त्या दिवशी ते कुसकुसबरोबर शिजवतात. तिकडे कुसकुस, इकडे खिचडा. दोन टोकांच्या या बायकांनी एकमेकींना पाहिलेले नाही. कॅलेंडर एकच, कोठाराचा हिशेब एकच, त्यामुळे उत्तरही जवळपास एकच आले.

आणि हे फक्त मुसलमानांचे म्हणावे तर तसेही नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याबद्दल लिहिले आहे. त्यात मांस वाळवून केलेल्या चान्या आहेत. त्यांच्याविषयी वाचताना मला आमच्या अंगणातली दोरी आठवली. फरक इतकाच की आमच्या दोरीवरच्या पट्ट्यांमागे ईद होती, त्यांच्या चान्यांमागे शतकांची सक्ती आणि उपासमार. तंत्र एकसारखे म्हणून इतिहास एकसारखा होत नाही, पण गावातली ही दोन अंगणे एकमेकांना परकी नव्हती हे नक्की.

इंग्रज आले आणि त्यांनाही उरलेल्या मांसाचा प्रश्न पडला. रविवारी मोठा तुकडा भाजायचा आणि सोमवारी त्या थंड मांसाचे काय करायचे, हे विलायतेतले दुखणे त्यांनी सोबत आणले होते. मद्रासच्या कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या टोपणनावाने १८७८ साली पाककलेवर पुस्तक लिहिले. त्यात पुन्हा गरम करून करायच्या पदार्थांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. हॉटेलांत मोठ्या रुबाबात मिळणारी जालफ्रेझी ही मुळात त्या काळातली उरलेले मांस कांदा-मिरचीवर परतण्याची युक्ती. आज ती ताज्या चिकनची करतात आणि पैसे जास्त घेतात. मुंबईच्या मुसलमानी मोहल्ल्यांनी मात्र हे काम अधिक चोख केले. खिमा पॅटिस, खिमा घोटाला, अंड्यात बुडवलेली बैदा रोटी. रात्रीच्या उरलेल्या खिम्याला सकाळी दोन अंडी आणि चार पाव भेटले की चौघांचे पोट भरते.

मग फ्रिज आला. त्याने दादीचे श्रम वाचवले, हे आधी सांगायला हवे. दिवसातून दोनदा जड पातेले उचलणे ही काही रम्य आठवण नाही, तिचे मनगट त्यानेच गेले. आणि हे गरम करणे चुकले, एखादी दुपार पातेले कोमट राहिले, तर घरभर जुलाब लागत. पण फ्रीजरने हिस्सेही बदलले. पूर्वी जे टिकणार नाही ते वाटावेच लागे. आता सगळेच टिकते. कुर्बानीचे गोश्त पिशव्यांत भरून दोन-तीन महिने पुरवणारी घरे माझ्या नात्यात आहेत, आणि ती वाईट माणसे नाहीत. दाराशी कोण आले आहे हे पाहून ठरवण्याची ती मदिनेतली बाब फ्लॅटच्या दारावर कशी लागू करायची, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

साठवलेल्या गोश्ताला आता भीतीही चिकटली आहे. २०१५ साली बकरी ईद २५ सप्टेंबरला होती. २८ सप्टेंबरच्या रात्री उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात मोहम्मद अखलाक यांना जमावाने ठार केले. अफवा होती ती घरात ठेवलेल्या मांसाची. नंतर ते मांस प्रयोगशाळेत तपासायला गेले. ईदनंतरच्या तिसऱ्या दिवशी घरात उरलेले गोश्त असणे, इतकी साधी ही गोष्ट. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रातही गोवंशहत्येचा सुधारित कायदा लागू झाला होता. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम खासगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केले. आपल्या भांड्यात काय उरले आहे, याचे उत्तर द्यायला माणसाला वकील लागावा, असा हा काळ.

माझ्या बहिणीने गेल्या ईदला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोरी बांधायचा विचार केला होता. हळद, मीठ, लसूण लावून पट्ट्या तयारही केल्या होत्या. मग शेजाऱ्यांचे काय, असा विचार करून तिने त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवल्या. रंग तोच आला, वास थोडा कमी. मुहर्रमच्या खिचड्यात तिने मूठभर टाकल्या आणि एक डबा खालच्या मजल्यावरच्या मावशींना दिला. त्या मांस खातात, पण घरात शिजवत नाहीत. रिकामा डबा परत आला तेव्हा त्यांनी विचारले होते, "अगं, ते धाग्याधाग्यांचं काय होतं त्यात?"