हिसका कधी द्यायचा?

आमिष लावून बास मासा पकडायला बसलेल्या माणसापुढे प्रश्न एकच असतो. दोरी हलली, आता हिसका कधी द्यायचा? लगेच दिला तर गळ तोंडातून रिकामाच निसटून येतो. फार थांबलं तर मासा आमिषासकट गळ गिळतो आणि तो थेट पोटात रुततो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, टाईमआऊट किती ठेवायचा! प्रश्न एवढासाच, पण त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि माझा अख्खा वीकेंड त्यातच गेला.

आधी बास म्हणजे कोण ते बघू. हे नाव बऱ्याच माशांना लावतात. आपल्या कोकणातल्या जिताड्यालासुद्धा इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, पण त्याचं कूळ वेगळं. अमेरिकेत नुसतं बास म्हटलं की बहुतेक वेळा गोड्या पाण्यातला लार्जमाऊथ नाहीतर स्मॉलमाऊथ बास. लार्जमाऊथचा जबडा नावाप्रमाणेच दांडगा. तो आमिषाचे लचके तोडत बसत नाही. तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट सगळं आत ओढून घेतो. पापणी लवायच्या आत काम तमाम. नाही आवडलं तर तितक्याच चपळाईने बाहेर फेकूनही देतो. त्यामुळे हातातल्या दोरीला धक्का जाणवला, तरी गळ नेमका कुठे आहे ते वर बसलेल्याला कळत नाही. ओठात, घशात की बाहेर? सगळा अंदाजाचा मामला.

जुन्या लोकांचं उत्तर होतं, थांबा. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं प्रसिद्ध पुस्तक 1653 साली आलं. पाईक माशासाठी आमिष लावताना दोरी भरपूर मोकळी ठेवा, त्याला आपल्या ठिकाणी जाऊन आमिष गिळू द्या, असा त्याचा सल्ला. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने 1820 च्या सुमारास दात्यांची चाकं बसवलेलं रीळ बनवलं. हँडल एकदा फिरवलं की रीळ अनेकदा फिरायचं. छोटा जिवंत मासा आमिष म्हणून लावून लांब फेकायचा, बासने तो पकडला की रीळ सैल सोडून त्याला पळू द्यायचं, हे अशा रिळावर सोपं झालं. पुढे 1881 मध्ये डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी खास ब्लॅक बासवर एक जाडजूड पुस्तकच लिहिलं. पेशाने डॉक्टर, पण नाव राहिलं ते माशांमुळे!

आता, थांबण्यात तोटा काय होता? काहीच नाही. कारण मासा जाणार होता तव्यावर. गळ पोटात रुतला तर उलट बरंच, सुटायची भीती नाही. 2 जून 1932 ला जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा लार्जमाऊथ पकडला. तो नकली आमिषावर सापडला होता, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जागतिक विक्रमाचा हा मासा पेरी कुटुंबाने सरळ खाऊन टाकला. मंदीचे दिवस होते, दुसरं काय करणार?

हे गणित बदललं ते 1972 साली. बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉटने मासे मारू नका, जिवंत परत सोडा, अशी मोहीम सुरू केली. आणि थांबण्याचा तोटा अचानक दिसायला लागला. गळ ओठात असेल तर काढून मासा सोडता येतो. घशात किंवा पोटात असेल तर काढतानाच आतले अवयव फाटतात. म्हणून तर खोल गेलेला गळ ओढत बसू नका, दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडा, असं सांगतात. वेळ चुकली की आपण परत सोडतो तो मासा वरून धडधाकट, आतून जायबंदी.

मग हिसका लवकर द्यायचा? तिथे दुसऱ्याच बाजूने उत्तर मिळालं. पॅसिफिक बेटांवरचे लोक फार पूर्वीपासून शिंपल्याचे आणि हाडाचे असे गळ करायचे, ज्यांचं टोक आत, दांडीकडे वळलेलं. यालाच आज सर्कल हूक म्हणतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर पॅसिफिकमधल्या हॅलिबट मच्छीमारांनी तो सर्रास घेतला. मासा गिळून वळला आणि दोरी ताणली, की हा गळ बहुतेक वेळा आत न अडकता घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. अट एकच, हिसका द्यायचाच नाही! नुसती दोरी गुंडाळत ताण द्यायचा. ज्याच्या हाताला जन्मभराची सवय, त्याला हेच सगळ्यात कठीण.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बासचा हिशेब मांडला, तेव्हा 2017 साली माणसांमुळे मेलेल्या माशांत जवळपास निम्मे हे हौशी लोकांनी परत सोडलेले निघाले. विचार करा, दया म्हणून सोडलेले! मग तिथल्या राज्यांच्या आयोगाने 2019 मध्ये ठरवलं की हौशी लोकांनी आमिष लावून या बासला गरवायचं, तर 2021 पासून सर्कल हूकच वापरायचा.

पण गोष्टीला दुसरीही बाजू आहे. 2 जुलै 2009 ला जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने जिवंत ब्लूगिल मासा आमिष लावून पेरीच्या विक्रमाची बरोबरी केली. हा बास जपानचा नव्हे, 1925 मध्ये अमेरिकेतून तिथे आणलेला. स्थानिक माशांचा त्याने इतका फडशा पाडला की शिगा प्रांतात 2003 पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे तोच मासा, तोच गळ, पण तिथे थांबलं तर अपराध नाही.

सांगायचा मुद्दा असा, की किती सेकंद थांबायचं याचं एकच बरोबर उत्तर मला तरी कुठे सापडलं नाही. वॉल्टनही बरोबर होता आणि स्कॉटही. मासा वर आल्यावर त्याचं काय करणार, हे आधी ठरवावं लागतं. सेकंद नंतर मोजायचे.