एका बेटावरचे दोन मुक्काम

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच आहे. घोटाळा होऊ नये म्हणून त्याला सर्रास बिग आयलंड म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४३० चौरस किलोमीटर भरते. समूहातील बाकीची सगळी बेटे एकत्र केली तरी ती एवढी होत नाहीत. मुलाबाळांना घेऊन आठवडाभरासाठी इथे येणाऱ्या कुटुंबाला आरक्षणाच्या वेळीच एक निर्णय घ्यावा लागतो. सगळ्या रात्री पश्चिमेकडच्या कोना किंवा कोहाला किनाऱ्यावर एकाच हॉटेलात काढायच्या, की दोन-तीन रात्री पूर्वेला हिलोत किंवा किलावेआ ज्वालामुखीजवळ घालवायच्या? हा प्रश्न आजचा नाही, आणि प्रवासाची साधने बदलली तसे त्याचे उत्तरही बदलत गेले.

प्रश्नाचे मूळ बेटाच्या रचनेत आहे. मौना केआ (४,२०७ मीटर) आणि मौना लोआ (४,१६९ मीटर) या दोन प्रचंड पर्वतांनी बेट मधोमध अडवले आहे. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे पूर्वेच्या उतारावर पाऊस ओततात आणि पश्चिमेला पोहोचेपर्यंत कोरडे होतात. हिलोत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर कोहाला किनाऱ्याच्या काही भागांत २५० मिलिमीटरच्या आतबाहेर. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेचा दुष्काळी माणदेश यांच्यातला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पोहण्याजोगी पांढऱ्या वाळूची पुळण आणि हमखास ऊन पश्चिमेला. धबधबे, नेच्यांची जंगले आणि ज्वालामुखी पूर्वेला. किलावेआचा माथा सुमारे १,२०० मीटर उंचीवर असल्याने तिथे संध्याकाळी अंगात स्वेटर लागतो. कोनापासून तिथवरचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे.

एकोणिसाव्या शतकात पाहुणे येत ते ज्वालामुखीसाठी, समुद्रस्नानासाठी नव्हे. १८४६ मध्ये हिलोतील व्यापारी बेंजामिन पिटमन याने किलावेआच्या काठावर गवताची एक झोपडी उभारली आणि तिला ‘व्होल्कॅनो हाऊस’ हे नाव दिले. १८६६ मध्ये तिथे अधिक पक्के, पण गवतानेच शाकारलेले हॉटेल झाले. त्याच वर्षी मार्क ट्वेन तिथे उतरला होता. अशा आडरानात इतके चांगले हॉटेल मिळाल्याचे त्याला ज्वालामुखीपेक्षाही जास्त नवल वाटले, असे त्याने लिहून ठेवले आहे. १८७३ मध्ये इंग्लिश प्रवासी इझाबेला बर्ड घोड्यावरून तिथे पोहोचली. १८७७ मध्ये लाकडी इमारत आली. ती आजही उभी असून तिच्यात कलादालन आहे.

त्या काळी मुक्काम विभागायचा की नाही, हा पर्यायच नव्हता. होनोलुलूहून बोटीने हिलोला उतरायचे, तिथे रात्र काढायची, मग पन्नासेक किलोमीटर चढाची वाट घोड्यावरून तुडवत संध्याकाळी ज्वालामुखी गाठायचा. एवढी दगदग केल्यावर कोणी त्याच दिवशी परत फिरत नसे; आणि रात्री थांबल्याशिवाय लाव्हाचा लाल उजेड दिसत नसे. १८९१ मध्ये लॉरिन थर्स्टनच्या कंपनीने दुमजली हॉटेल बांधले आणि १८९४ मध्ये हिलोपासून घोडागाडीचा रस्ता पूर्ण झाला. १९१२ मध्ये शास्त्रज्ञ थॉमस जॅगर याने काठावर ज्वालामुखी वेधशाळा सुरू केली, १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. व्होल्कॅनो हाऊसचा तेव्हाचा मालक, मूळचा ग्रीसचा जॉर्ज लायकर्गस याने थर्स्टनबरोबर या उद्यानासाठी खटपट केली होती.

दोन मुक्कामांची सहल रीतसर विक्रीला आली ती १९२० च्या दशकात. बेटांदरम्यान बोटी चालवणाऱ्या इंटर-आयलंड स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने १९२१ मध्ये व्होल्कॅनो हाऊस विकत घेतले आणि १९२८ मध्ये पश्चिमेला कैलुआ गावात ‘कोना इन’ सुरू केले. कोना तोवर कॉफीचे मळे, मासेमारी आणि गुरांची चढउतार यांचा मुलूख होता; चार पैसे बाळगून हवापालटासाठी येणाऱ्यांची तिथे सोय नव्हती. आता बोटही कंपनीची, डोंगरावरचे हॉटेलही तिचे आणि किनाऱ्यावरचेही. बेटाच्या दोन बाजूंना दोन बिछाने असावेत ही कल्पना एका बोट कंपनीच्या हिशेबातून पक्की झाली. याच कंपनीच्या विमानांनी १९२९ मध्ये होनोलुलू–हिलो सेवा सुरू केली. पुढे मंदीत हॉटेलचा धंदा बसला आणि १९३२ मध्ये लायकर्गसने लिलावात व्होल्कॅनो हाऊस अवघ्या ३०० डॉलरला परत घेतले. १९४० मध्ये ते आगीत जळाले. १९४१ मध्ये उभी राहिलेली नवी वास्तू आजही चालू आहे.

यानंतर पारडे पश्चिमेकडे झुकले, आणि त्यात हिलोच्या दुर्दैवाचा वाटा मोठा आहे. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत हवाई बेटांवर १५९ माणसे दगावली, त्यांतली ९६ हिलोत. किनाऱ्यालगतची रेल्वे उद्ध्वस्त झाली ती कायमची. २३ मे १९६० च्या त्सुनामीने हिलोत आणखी ६१ बळी घेतले. उपसागरालगतच्या वस्त्या पुन्हा उभ्या न करता तिथे मोकळ्या बागा ठेवण्यात आल्या. आजच्या प्रवाशाला त्या हिरवळी सुंदर दिसतात. त्यांच्याखाली माणसांची घरे होती हे ठाऊक असलेले बरे.

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि जेट विमाने येऊ लागली. गव्हर्नर विल्यम क्विन यांच्या निमंत्रणावरून उद्योजक लॉरेन्स रॉकफेलर १९६० मध्ये बेटावर आले. कोहाला किनाऱ्यावरील कौनाओआ पुळण त्यांनी निवडली आणि १९६५ मध्ये काळ्या लाव्हाच्या माळावर ‘मौना केआ बीच हॉटेल’ उघडले. १९७० मध्ये कोनाजवळ नवा विमानतळ झाला, १९७५ मध्ये त्याला उत्तरेच्या किनाऱ्याशी जोडणारा महामार्ग झाला, आणि रिसॉर्टांची रांग लागली. १९८८ मध्ये त्याच किनाऱ्यावरील वायकोलोआला ३६ कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या अवाढव्य हॉटेलात पाहुण्यांना खोलीपर्यंत नेण्यासाठी होड्या आणि ट्राम होत्या. अशा हॉटेलांचा सारा खटाटोप पाहुण्याने आवाराबाहेर पडू नये यासाठी असतो. ज्वालामुखी एका दिवसात उरकायची गोष्ट झाला: पहाटे निघा, वाफा बघा, रात्री परत या. मधला जवळचा रस्ता, १९४२ मध्ये लष्कराने घाईने काढलेला सॅडल रोड, इतका खराब होता की गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तो करारातच वर्ज्य ठरवत. मग उत्तरेचा किंवा दक्षिणेचा लांबचा वळसा उरे.

हा रस्ता टप्प्याटप्प्याने नव्याने बांधला गेला. २०१३ मध्ये पश्चिमेचा नवा टप्पा खुला झाला आणि त्याला सिनेटर डॅनियल इनोउये यांचे नाव मिळाले. आता कोहालाच्या हॉटेलातून राष्ट्रीय उद्यान दोन-सव्वादोन तासांवर आले आहे. दिवसाची सहल यामुळे सुसह्य झाली, तरी रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. २०१८ च्या उद्रेकात पूर्वेकडच्या पुना भागात सुमारे ७०० घरे लाव्हाने गिळली, किलावेआचा माथा खचला आणि उद्यानाचा मोठा भाग मे ते सप्टेंबर बंद राहिला. डिसेंबर २०२० मध्ये माथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरात लाव्हा पुन्हा उसळला. उद्रेक चालू असेल तेव्हा त्याचा उजेड अंधारातच खुलतो. तो बघून पेंगुळलेल्या मुलांना घेऊन सुमारे २,००० मीटर उंचीच्या, बऱ्याचदा धुक्याने वेढलेल्या सॅडल रोडच्या खिंडीतून परतणे कोणालाच सुखाचे नाही.

हॉटेल बदलण्याची किंमतही खरी आहे. सकाळी खोली सोडायची, दुसरी मिळते दुपारी तीन-चारला. अर्धा दिवस बॅगा गाडीत ठेवून काढावा लागतो. हॉटेलांचे रिसॉर्ट शुल्क रात्रीच्या हिशेबाने असल्याने मुक्काम विभागला म्हणून ते वाढत नाही. भाड्याच्या घरांची सफाईची रक्कम मात्र एकरकमी असते, त्यामुळे दोन रात्रींसाठी ती जड जाते. चार-पाच रात्रींच्या सहलीत एकच हॉटेल ठेवून ज्वालामुखीला दिवसाभरात जाऊन यावे. सात रात्री हाताशी असतील तर पाच पश्चिमेला आणि दोन उद्यानालगतच्या व्होल्कॅनो गावात किंवा हिलोत, ही वाटणी अधिक समाधान देते. उद्यानाला दुसरी रात्र मिळाल्याने ढग आले तरी संधी हुकत नाही. सोबत सांधेदुखीचे आजी-आजोबा असतील तर ज्वालामुखीजवळच्या गारठ्यापेक्षा हिलो सोयीचे. तिथून उद्यान पाऊण तासावर आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघाल्यास परतीची फेरी वाचते. अमेरिकेच्या मुख्य भूमीकडची बहुतेक थेट विमाने कोनाला येतात, त्यामुळे हिलोहून निघणाऱ्याला बहुधा होनोलुलूत विमान बदलावे लागते, आणि गाडी एका बाजूला घेऊन दुसऱ्या बाजूला सोडण्याचे वेगळे पैसे पडतात का, हे आधी विचारावे लागते.