भीड आधी सुटली नाही, लेखणी आधी उचलली

अभ्यासवर्गातल्या पोरापोरींना आम्ही लिहायला सांगतो तेव्हा ठरलेली उत्तरं येतात. आमची भाषा शुद्ध नाही. आम्ही काय लिहिणार? आधी भरपूर वाचतो, मग बघू. मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा देणारी ही मुलं कोऱ्या कागदापुढे गप्प होतात. याला न्यूनगंड ठरवून त्यांना व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात धाडणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षर बंद होतं त्यांच्या मनात 'हे आपलं काम नव्हे' हा आवाज बाहेरून आत आलेला आहे. तो आवाज व्यवस्थेचा आहे, आणि त्याच्याशी झगडण्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे.

1855 साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेतली ही जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. सुरुवातीलाच ती स्वतःला दीनदुबळी म्हणते, आपल्या शक्तीप्रमाणे लिहिते असं सांगते. आणि पुढे तीच विचारते, वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता? संकोच आणि सवाल एकाच निबंधात. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला, तेव्हा शीर्षभागी तुकोबांचा अभंग घेतला तोही भीड टाकून बोलण्याविषयीचा. पहिली लढाई कुठे आहे हे बाबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

पण आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचंय ते फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याविषयी. लहान वयात लग्न, लेकरांचं लेंढार, पोटासाठी किराणा दुकान. दुकानात पुडी बांधायला आलेली वर्तमानपत्रं त्या वाचायच्या. गल्ल्यावर बसूनच वहीत लिहायच्या आणि कुणाच्या हाती लागणार नाहीत अशा अडगळीत वह्या दडवायच्या. नवऱ्याची भीती होती, मुलाचीही. हे थोडेथोडके दिवस नव्हे, वीस वर्षं चाललं! त्या भीतीतच लिहीत राहिल्या. भीती गेली म्हणून लेखन सुरू झालं, असं घडलं नाही. आत्मविश्वास आल्यावर लिहू म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षं मोजावीत.

वह्या बाहेर आल्या त्या मॅक्सिन बर्नसन या फलटणमध्ये काम करणाऱ्या अभ्यासक बाईंमुळे. त्यांनी लिखाण पाहिलं, छापायला हवं म्हटलं. 1982 मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, 1986 मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. कुणीतरी 'दाखव बरं' म्हणणं इतकं मोठं असतं. ते म्हणायला बाहेरची बाई यावी लागली, हे मात्र आम्हाला टोचतं. आपल्या विहारांत जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख असतो. कुणाच्या घरात वही दडलेली आहे, याची चौकशी होत नाही.

पुस्तकाच्या नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. समाजाचं दुःख आपल्या दुःखाहून मोठं, ही बेबीताईंची भूमिका होती. आमच्या मते याच 'आमुचं'नं त्यांना बळ दिलं. 'मी कोण लिहिणारी?' या प्रश्नाला समाजासाठी लिहिते हे उत्तर पुरतं. पण त्याची किंमतही पडली. पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचे हाल आहेत, घराघरातली मारझोड आहे. स्वतःच्या संसारात सोसलेल्या मारहाणीला त्यांनी तिथे जागा दिली नाही. ती त्यांनी सांगितली पुढे कितीतरी वर्षांनी, इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांच्याशी बोलताना.